बिनमैद्याच्या चांदण्या

१७९६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, हार्टफर्ड गावी, अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ हे छोटंसं पुस्तक छापून निघालं. अमेरिकन लेखणीतून उतरलेलं आणि अमेरिकेतच छापलेलं पहिलं पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात नाताळच्या कुकीची एक कृती आहे आणि तिच्यातला एक जिन्नस मराठी वाचकाला थबकवणारा आहे: चहाचा कपभर धण्याची बारीक पूड. तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि दुधात विरघळवलेला पर्लअ‍ॅश, म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला खार. बेकिंग पावडर येण्याआधी पीठ हलकं करायला हाच खार वापरत. हे सगळं एकत्र मळायचं, पाऊण इंच जाड लाटायचं आणि हव्या त्या आकारात कापायचं किंवा वर ठसा उमटवायचा. ताज्या कुकीज कडक आणि कोरड्या लागतील, पण मातीच्या भांड्यात घालून दमट जागी ठेवल्या तर सहा महिन्यांनी जास्त मऊ, जास्त चवदार होतील, असंही बाईंनी सांगून ठेवलं आहे.

पुढे धणे मागे पडले, व्हॅनिला आला, पर्लअ‍ॅशची जागा बेकिंग पावडरने घेतली. ‘हव्या त्या आकारात कापायचं’ हा भाग मात्र टिकला. डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत, शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या सभागृहांत लहान मुलं बाह्या सरसावून ओट्याभोवती जमतात. पत्र्याचे नाहीतर प्लॅस्टिकचे साचे निघतात: चांदणी, घंटा, नाताळचं झाड, रेनडिअर, आल्याच्या कुकीचा माणूस. २४ तारखेच्या रात्री त्यातल्या दोन-तीन कुकीज बशीत घालून, शेजारी दुधाचा पेला ठेवून सांताक्लॉजची वाट पाहिली जाते. जर्मनीत हेच काम नाताळच्या आधीचे चार आठवडे चालतं. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरातलं मूलही शाळेतून हे शिकून येतं आणि दिवाळीचे करंजीचे साचे नुकतेच कपाटात गेले असताना आईकडे चांदणीचा साचा मागतं.

आता अशाच एका वर्गात सिलिअ‍ॅक असलेलं एक मूल आहे असं समजा. टेबलावर मैद्याच्या कुकीजचा ढीग, रंगीत आयसिंगच्या पिशव्या, आणि त्याच्या हातात घरून आणलेला वेगळा डबा. बाकीची मुलं लाटतात, कापतात, सजवतात; ते बघतं. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते त्या मुलाच्या बाजूने आहे. साच्याने कापायची कुकी हा भट्टीतला असा पदार्थ आहे की ज्याला ग्लुटेनची गरज फारच कमी असते. त्यामुळे त्या मुलासाठी वेगळा डबा करण्याचं कारण मुळातच उरत नाही. सगळ्यांसाठी एकच पीठ भिजवता येतं, आणि लहान हातांना ते मैद्यापेक्षा जास्त मानवतं.

आधी आजाराविषयी थोडं. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाचं साधं न पचणं नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की अशा व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर असतात. ते झिजत जातात, सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, उंची न वाढणं, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, अशा वाटांनी हा आजार समोर येतो. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेकडे त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच आहे, दक्षिणेत बरंच कमी. औषध नाही, जन्मभर ग्लुटेन टाळणं हा एकच उपाय. एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी: शंका आली म्हणून आधीच गहू बंद करू नये. आधी रक्ताची तपासणी आणि डॉक्टर सांगतील ते सगळं करून घ्यावं. गहू बंद केल्यावर तपासणीत खरं चित्र दिसत नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायला फार वेळ लागला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन प्रसिद्ध केलं आणि रुग्ण बरा होणार असेल तर आहारानेच होईल, असं मत मांडलं. पण कोणता आहार, ते ठाऊक नव्हतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास मुलांना भरपूर केळी देऊ लागले. मुलं सुधारली, कारण केळ्यांच्या आहारात पाव नव्हता. श्रेय मात्र केळ्यांना मिळालं आणि ‘बरी झालेली’ मुलं पुन्हा पावाकडे वळली. कोडं सुटलं नेदरलँड्समध्ये. हेगच्या युलियाना बालरुग्णालयातले डॉ. विलेम कारेल डिके यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे डच शहरांवर उपासमार आली, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. अशा काळात सिलिअ‍ॅकची मुलं सुधारताना दिसली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी नंतर मोजमाप करून ते सिद्ध केलं. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये उट्रेख्तला सादर झाला, आणि सहकाऱ्यांसोबतच्या पुढच्या कामातून दोष गव्हातल्या ग्लुटेनचा आहे हे स्पष्ट झालं. आज जी मुलं निरोगी वाढतात, ती या माणसाच्या चिकाटीमुळे.

आता ग्लुटेन नेमकं करतं काय ते पाहू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांतली प्रथिनं असतात. पीठ पाण्यात मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ताणली जाणारी, सोडली की आक्रसणारी एक जाळी तयार होते. तीच ग्लुटेन. पोळी फाटत नाही ती हिच्यामुळे, आणि पावात हवेचे बुडबुडे अडकून तो फुगतो तोही हिच्यामुळे. म्हणून ग्लुटेनशिवाय पाव करणं खरोखर अवघड असतं. कुकीचं तसं नाही. शंकरपाळ्यांच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो आणि ते पिठाला चांगलं चोळून घेतो. तुपाचा थर कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, जाळी अर्धवट राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. साच्याच्या कुकीत लोणी वजनाने पिठाच्या निम्म्याच्या आसपास असतं, पाणी जवळजवळ नसतंच. शिवाय पीठ घातल्यावर फार घोटू नये, असं प्रत्येक कृतीत बजावलेलं असतं. मैद्याची कुकी करणारा बेकरसुद्धा ग्लुटेन होऊ नये म्हणूनच खटपट करत असतो. आपण पीठच असं घेतलं की ज्यात ते मुळात नाही, तर त्याची खटपट वाचते.

दुसरा फायदा मुलांसोबत काम करताना कळतो. मैद्याच्या पिठाच्या कडा गोळा करून पुन्हा लाटल्या की दर वेळी जाळी घट्ट होते. तिसऱ्या लाटण्यातली चांदणी भट्टीत आक्रसते आणि खाताना चिवट लागते. मुलं तर पीठ लाटतात, मोडतात, त्याचा साप करतात, पुन्हा गोळा करतात. तांदळाच्या आणि ज्वारीच्या पिठाला याचं काही वाटत नाही. मऊ पडलं की थंड करायचं, पुन्हा लाटायचं. शेवटची कुकी पहिलीइतकीच खुसखुशीत निघते.

एक अडचण मात्र खरी आहे. कच्चं पीठ सांधून धरायचं कामही थोडंफार ग्लुटेनच करत असतं. ते नसलं की लाटताना कडा चिरतात आणि उचलताना रेनडिअरची मान मोडते. उकडीच्या मोदकाची पारी आपण बिनग्लुटेनच्या पिठीची करतो, पण तिथे उकळतं पाणी मदतीला असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तांदळाचं स्टार्च पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. कुकीत इतकं पाणी घातलं तर ती कुकी राहणार नाही. म्हणून इथे सांधण्याचं काम अंडं, थंड झालेलं लोणी आणि चिमूटभर डिंकासारखा पदार्थ यांच्याकडे द्यावं लागतं.

अमेरिकेत तो पदार्थ बहुतेक वेळा झँथन गम असतो. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी तो शोधला. कोबीवर्गातल्या पिकांवर काळी कूज आणणारा एक जिवाणू साखर खाऊन हा गम तयार करतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो अन्नात वापरला जातो. त्याला चांगला पर्याय आपल्या ओळखीचा आहे: इसबगोलचा भुसा. तो पाण्याशी घट्ट गर बनवतो आणि पीठ धरून ठेवतो. युरोप-अमेरिकेतल्या बिनग्लुटेनच्या बेकऱ्यांत तो भरपूर खपतो, आणि जगाला तो पुरवण्यात भारत आघाडीवर आहे. त्याचा मोठा बाजार उत्तर गुजरातेत उंझ्याला भरतो. ज्वारीचंही तसंच. अमेरिकेतल्या तयार मिश्रणांत ज्वारीचं पीठ हा आता नेहमीचा घटक झाला आहे, आणि भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्या कुकीची चव ओळखीची वाटते.

बेकऱ्यांत गम किंवा इसबगोल येण्याच्या कितीतरी आधी जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या श्वाबियात या प्रश्नाचं उत्तर घरोघरी होतं. त्याचं नाव ‘त्सिम्टष्टेर्न’, म्हणजे दालचिनीची चांदणी. पिठाची चिमूटही नाही. बदामाची भरड, अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर आणि दालचिनी, बस्स. तीन अंड्यांचे पांढरे बलक ताठ होईपर्यंत फेटायचे, २५० ग्रॅम पिठीसाखर थोडी थोडी घालत जायची आणि त्यातला वाटीभर फेस बाजूला काढून ठेवायचा. उरलेल्यात सालीसकट दळलेले ३५० ग्रॅम बदाम आणि दोन चमचे दालचिनी पूड मिसळायची. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, मग कागदाच्या दोन तावांमध्ये सेंटिमीटरभर जाड लाटायचा. साचा दर वेळी पाण्यात बुडवून घ्यायचा, नाहीतर हे पीठ चिकटतं. कापलेल्या चांदण्यांवर राखून ठेवलेला फेस ब्रशने टोकांपर्यंत पसरायचा आणि १४० ते १५० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजायच्या. वरचा थर पांढराशुभ्र राहिला पाहिजे, तपकिरी झाला तर भट्टी जास्त तापली. चांदणी आतून ओलसर, चिवटसर राहते आणि डब्यात मुरत जाते. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात याच घराण्यातली ‘ब्रुन्स्ली’ करतात. तिच्यात बदामाला चॉकलेटची जोड असते.

चांदणीचं टोक न मोडता फेस पसरवणं हे सात-आठ वर्षांच्या मुलाला तासभर गुंतवून ठेवणारं काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कुकीजमध्ये चवीला सर्वांत उजवी हीच. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बाजारात मिळणाऱ्या त्सिम्टष्टेर्नमध्ये थोडं पीठ असू शकतं, म्हणून पुडा वाचल्याशिवाय घेऊ नये. वर्गात कुणाला बदाम-काजूची अ‍ॅलर्जी असेल तर ही कुकी शाळेत न्यायची नाही. आणि दालचिनी शक्यतो श्रीलंकेची, पातळ सालीची घ्यावी. जाड सालीच्या कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास देऊ शकतं. २००६ मध्ये जर्मन सरकारच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने याच कुकीचा दाखला देऊन लहान मुलांच्या पालकांना जपून खायला द्या असं सांगितलं होतं.

आता साधी, पांढरी, सजवायची कुकी. घरातलं पीठ असं जमवावं: तांदळाची अगदी बारीक पिठी १२० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम आणि टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम. त्यात अर्धा चमचा झँथन गम, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ. वेगळ्या भांड्यात ११५ ग्रॅम मऊ लोणी आणि १०० ग्रॅम पिठीसाखर एकजीव होईपर्यंत घोटायची, एक अंडं आणि चमचाभर व्हॅनिला घालायचा, मग पीठ मिसळायचं. लोणी-साखर फुगेपर्यंत फेटू नये. आत हवा भरली की कुकी भट्टीत पसरते आणि घंटेचा भोपळा होतो. झँथन नसेल तर चमचाभर इसबगोल दोन चमचे दुधात भिजवून अंड्यासोबत घालावा. सगळं वजनावर मोजावं. बिनग्लुटेनच्या पिठांत कपाचं माप फसवं असतं, कारण तांदळाची पिठी आणि स्टार्च यांचा एकेक कप वेगवेगळ्या वजनाचा भरतो. शिवाय डिजिटल काट्यावर आकडा १२० पर्यंत चढताना बघत पिठी ओतणं हे सहा वर्षांच्या मुलासाठी गणिताचा चांगला धडा आहे. शेवटचे दहा ग्रॅम ते चिमटीचिमटीने टाकतं.

तांदळाच्या पिठीचे कण कडक असतात आणि ओलावा सावकाश शोषतात. घाई केली तर कुकी दाताखाली वाळूसारखी कचकचते. म्हणून पीठ भिजवल्यावर अर्धा तास झाकून ठेवणं टाळता येत नाही. पण ते गोळ्याच्या रूपात थंड केलं की दगड होतं आणि लहान मुलाला लाटता येत नाही. मग क्रम उलटा करायचा: पीठ मऊ असतानाच बेकिंग पेपरच्या दोन तावांमध्ये पाव इंच, म्हणजे सहा-सात मिलिमीटर जाड लाटायचं आणि तो ताव सपाट ताटावर ठेवून तसाच फ्रिजमध्ये सरकवायचा. मैदा भुरभुरवायला नको, पोळपाटाला चिकटायची भीती नाही, आणि लाटणं कागदावरून फिरत असल्याने तीन वर्षांचं मूलही दोन्ही हातांनी जोर देऊ शकतं. जाडी सारखी राहावी म्हणून तावाच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवावं.

अर्ध्या-पाऊण तासाने ताव बाहेर काढला की वरचा कागद सोलायचा आणि साचे द्यायचे. मोठी माणसं बरोबर मध्यभागी साचा दाबतात आणि निम्मं पीठ कडांना वाया घालवतात. मुलांना कडेपासून सुरू करायला आणि एक आकार दुसऱ्याला खेटून बसवायला सांगावं. चांदणीच्या खाचेत दुसऱ्या चांदणीचं टोक बसतं हे एकदा दिसलं की ती पूर्ण ताव भरून काढायच्या मागे लागतात. साचे निवडताना लहानांना हृदय, घंटा, जाड टोकांची चांदणी द्यावी. पातळ पायांचे प्राणी आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावेत.

यानंतरचं पाऊल सर्वांत महत्त्वाचं: कापलेला आकार उचलायचा नाही. आकार जागीच ठेवायचे आणि भोवतालचं उरलेलं पीठ सोलून काढायचं. मग कागदासकट आकार ट्रेवर सरकवायचे. मान मोडण्याचा प्रश्न इथेच संपतो. सोललेलं पीठ पुन्हा दोन तावांमध्ये जातं, आणि ट्रे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. मुलं विचारतात की भाजायचंच आहे तर इतकं गार का करायचं. त्यांना खरं कारण सांगावं, ते त्यांना कळतं. लोणी तिशीतल्या अंशांवर वितळतं, म्हणजे आपल्या तळहातावरसुद्धा. गार लोण्याला वितळायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात कुकीच्या कडा भाजून धरतात आणि चांदणीची टोकं जागच्या जागी राहतात. दोन कुकीज न गारठवता त्याच ट्रेवर कडेला ठेवून बघायला द्याव्यात. पुढच्या वेळी फ्रीझरची आठवण तीच करून देतील.

भट्टी १७५ अंशांवर तापलेली असावी. दहा-बारा मिनिटं पुरतात. कडांना फिकट सोनेरी रंग आला की काढायच्या. ट्रे काढणं-घालणं मोठ्यांनीच करावं. बाहेर आलेली कुकी मऊ आणि ठिसूळ असते, कारण लोणी आणि साखर अजून पातळ असतात. दहा मिनिटं ट्रेला हात लावू द्यायचा नाही. हा वेळ रंग कालवण्याचा. पिठीसाखरेत चमचा चमचा दूध किंवा लिंबाचा रस घालून दाट आयसिंग होतं. बीटच्या रसाने गुलाबी, चिमूटभर हळदीने पिवळं. दोन वाट्या करून एक घट्ट ठेवावी, ती कडेची रेघ ओढायला. दुसरी थोडी पातळ, आतली जागा भरायला. कच्चं पीठ चाखायची सगळ्यांनाच हौस असते, पण ते चाखू देऊ नये. अंड्याची भीती बहुतेकांना माहीत असते. कच्चं पीठही निर्धोक नसतं. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई. कोलाय जंतूचा प्रादुर्भाव अनेक राज्यांत पसरला होता. तांदळाची पिठीही भाजलेली नसते, तेव्हा तिलाही हाच नियम.

पीठ जमलं म्हणजे कुकी सिलिअ‍ॅकच्या मुलासाठी सुरक्षित झाली असं नाही. याबाबत मी कडक आहे आणि प्रत्येकाने असावं. ‘ग्लुटेन-फ्री’ हे शब्द छापायला अमेरिकेत २०१३ च्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. भारतातली मर्यादाही २० मिलिग्रॅमचीच. इटलीतल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यावर आतड्याच्या अंकुरांना इजा झालेली दिसली. पावाच्या एका कापात काही ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा चुरा झाला, घास नव्हे. पोळ्यांचं लाकडी लाटणं आणि पोळपाट, मैद्याची चाळणी, ओरखडे पडलेला जुना ट्रे, हे सगळं बाजूला ठेवावं. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ धुऊन निघत नाही. नवं लाटणं घेऊन त्यावर खूण करावी. त्याच दिवशी, त्याच ओट्यावर मैदाही उघडू नये. उडालेलं पीठ हवेत बराच वेळ तरंगतं आणि मग सगळीकडे बसतं.

बरेच धोके दिसत नाहीत. काही बेकिंग पावडरमध्ये गव्हाचं स्टार्च असतं. रंगीत गोळ्या, चॉकलेटचे कण, तयार आयसिंग, सगळ्यांची पाकिटं वाचावी लागतात. अमेरिकेच्या अ‍ॅलर्जी-कायद्यात गहू जाहीर करणं बंधनकारक आहे, बार्लीला ती सक्ती नाही. म्हणून ‘माल्ट’ हा शब्द शोधायची सवय हवी. शाळेतली रंगीत खेळण्याची माती, प्ले-डो, हिच्यातही गहू असतो, तेव्हा तिच्याशी खेळून आलेले हात साबणाने धुऊनच पिठाला लावायचे. ओट्स वापरायचे तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच आणि डॉक्टरांना विचारून. भारतातल्या स्वयंपाकघरात एक जिन्नस हमखास नजरेतून सुटतो तो हिंग: डबीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. कुकीत हिंग नसतो, पण चकलीत असतो. भाजणीत तांदूळ आणि डाळीच असल्या, तरी चकली सिलिअ‍ॅकच्या मुलाला देण्याआधी हिंगाची डबी वाचावी लागते.

हे वाचण्याचं काम त्या मुलाकडेच द्यावं. वाचता येऊ लागलं की लगेच. ओट्यावर सगळी पाकिटं मांडायची आणि त्याने एकेक तपासून ‘चालेल’ आणि ‘नाही’ असे दोन गट करायचे. त्याने हो म्हटल्याशिवाय कुणीही चमचा बुडवायचा नाही. मोठ्या माणसाने एकदा मागून नजर टाकावी, पण निर्णय त्याच्या तोंडून यावा. जन्मभर त्याला हेच करायचं आहे: वसतिगृहात, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत. ते भीतीने शिकण्याऐवजी सणाच्या दिवशी, चार मित्रांसमोर, घरचा जाणकार म्हणून शिकलं तर त्याची मान ताठ राहते. ज्या आईबापांना मूल बिचारं वाटतं, त्यांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

आपल्याकडच्या नाताळातही शोधलं तर सोय सापडते. गोव्याच्या कुसवारात, म्हणजे नाताळच्या फराळात, बोलिन्यांना रवा लागतो, बेबिंक्याला मैदा लागतो, पण दोदोल तांदळाची पिठी, नारळाचं दूध आणि गूळ यांवर उभं आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत काजू वाटून मार्झिपॅन करतात आणि रबराच्या साच्यांत घालून त्याची पानं-फुलं काढतात. त्यातही पीठ नाही, आणि साचे भरायचं काम मुलांच्याच वाट्याला येतं. शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या ताटात हे दोन पदार्थ वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने ठेवले तर त्या ताटातलं काहीतरी सिलिअ‍ॅकच्या मुलालाही खाता येतं.

भाजलेल्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात. लाटलेले, कापलेले कच्चे आकार फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात आणि थेट ट्रेवर जाऊ शकतात, फक्त भाजायला एक-दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात. तेव्हा डिसेंबरात तुमच्या घरी सिलिअ‍ॅक असलेलं मूल येणार असेल तर आदल्या दिवशी त्याच्या आईला फोन करा, ती कोणती पिठी आणि कोणती बेकिंग पावडर वापरते ते विचारून तीच आणा, आणि घरातल्या सगळ्या मुलांसाठी त्या एकाच पिठाच्या कुकीज करा.